चहा नको म्हणण्याआधी : आयर्लंडमध्ये पाहुणे म्हणून कसे वावरावे

मुलगी गॉलवेला शिकत असताना मी दोन खेपांत मिळून सुमारे अडीच महिने आयर्लंडमध्ये राहिले आणि त्यातला बराचसा काळ शहरात नव्हे, तर काउंटी क्लेअरमधल्या एका खेड्यात, तिच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरी गेला. मोहेरचे कडे कोणत्या वेळी पाहावेत किंवा डब्लिनहून गॉलवेला रेल्वेने जावे की बसने, हे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यात मी भर घालत नाही. तिथल्या माणसाच्या स्वयंपाकघरात, बसमध्ये, पबमध्ये आणि प्रसंगी त्याच्या घरच्या मयतीला आपण कसे वागावे, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे. आयरिश माणूस तोंडाने म्हणतो ते आणि त्याच्या मनात असते ते यांत बहुधा थोडे अंतर असते आणि ते ओळखून घेण्याचे काम समोरच्यावर सोपवलेले असते. आग्रह आणि नकार यांचा खेळ लहानपणापासून पाहिलेल्या मराठी माणसाला त्यातले निम्मे न शिकताच येते. उरलेल्या निम्म्यात मात्र त्याची फजिती होते. माझी तरी झाली.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रधारकाला आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा लागतो. हा देश युरोपीय संघात असला आणि तिथे युरो चालत असला, तरी तो शेंगेन व्यवस्थेत नाही, त्यामुळे फ्रान्स-जर्मनीसाठी काढलेला व्हिसा तिथे उपयोगी पडत नाही. बेटावरच्या ३२ काउंट्यांपैकी २६ आयर्लंड प्रजासत्ताकात आहेत आणि ईशान्येकडच्या ६ युनायटेड किंग्डममध्ये. सरहद्दीवर चौकी दिसत नाही. रस्त्यावरच्या पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले, की आपण पलीकडे गेलो असे समजावे. दिसले नाही तरी कायदा बदललेला असतो, तेव्हा बेलफास्टला जायचे असेल तर आपला व्हिसा तिथे चालतो की नाही, हे आधीच पाहून ठेवावे.

विजेचा प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या पिनांचा असतो. आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही. छत्रीऐवजी टोपी असलेले पावसाळी जाकीट न्यावे, कारण पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री उलटी करून जातो. ज्यांच्याकडे उतरणार असाल त्यांचा एअरकोड आधी मागून घ्या. खेड्यातल्या घरांना बहुधा क्रमांक नसतो आणि पूर्वी एका वाडीतल्या दहा घरांचा पत्ता एकच असे. २०१५ साली आलेल्या या सात अक्षरी-अंकी संकेताने प्रत्येक घराला स्वतःची ओळख दिली. तो जवळ नसेल तर वाट विचारावी लागते आणि मग उत्तर असे मिळते की, पूर्वी जिथे दूधडेअरी होती त्या वळणावर डावीकडे वळा. पूर्वी कुठे काय होते, हे आपल्याला कुठून ठाऊक असणार?

पहिले बोलणे

'हाउ आर यू' हा प्रश्न नाही. त्याला तब्येतीची माहिती देऊ नये. 'ग्रँड' म्हणावे आणि उलट तेच विचारावे. ग्रँड या शब्दात थाटमाट काहीही नाही. ठीक आहे, चालेल, पुरे, काळजी नको, माफ केले, या सगळ्यांसाठी तो एकच शब्द पुरतो. 'सॉरी' म्हणजे बहुतेक वेळा 'जरा ऐकता का' किंवा 'जरा सरकता का'. कोणी मान हलवत 'आय विल, येह' असे लांबवून म्हणाला, तर तो ते काम मुळीच करणार नाही, असे समजावे.

होकार-नकाराची उत्तरेही नीट ऐकावीत. आयरिश भाषेत 'हो' आणि 'नाही' यांना स्वतंत्र शब्द नाहीत, क्रियापदच परत उच्चारून उत्तर दिले जाते आणि ती सवय तिथल्या इंग्रजीतही उतरली आहे. 'थकलात का?' असे विचारले तर 'आय ॲम' असे उत्तर येते. आपणही 'जेवलास का?' याला नुसते 'जेवलो' म्हणतो, त्यामुळे हे आपल्या कानाला परके वाटत नाही. त्या भाषेतला नमस्कारही असाच ओळखीचा वाटतो: एकाने 'देव तुझ्याबरोबर असो' म्हटले, की दुसरा 'देव आणि मेरी तुझ्याबरोबर असोत' असे म्हणून त्यात एकाची भर घालतो. आयरिश भाषा रोज बोलली जाते ते भाग थोडे आहेत, पण सरकारी पाट्यांवर ती सर्वत्र असते आणि तिचा एक व्यावहारिक धोका आहे. स्वच्छतागृहाच्या दारावर 'म्ना' असे लिहिलेले असेल तर त्यातले पहिले अक्षर एम पाहून पुरुषांनी आत जाऊ नये. म्ना म्हणजे स्त्रिया. पुरुषांसाठी 'फिर'.

हवेबद्दल कोणी बोलले तर फक्त दुजोरा द्यावा. बारीक भुरभुर पावसाला 'सॉफ्ट डे' म्हणतात. तो चांगला दिवस समजला जातो. फेब्रुवारी उलटला की 'संध्याकाळ आता छान लांबली' हे वाक्य दुकानदारापासून पाद्र्यापर्यंत सगळे म्हणतात. डब्लिनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो आणि जूनमध्ये तो सतरा तासांपर्यंत जातो, हे लक्षात घेतले तर त्या वाक्यामागची सुटका कळते. कोकणात पाऊस किती पडतो ते सांगून त्यांच्या पावसाला कमी लेखण्याचा मोह मला झाला होता. तो आवरावा.

बसथांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबेलच असे नाही, आणि उतरताना चालकाचे आभार मानल्याशिवाय कोणी उतरत नाही. शाळकरी मुलेसुद्धा 'थँक्स' म्हणून उतरतात. डब्लिनच्या बसमध्ये रोख भाडे द्यायचे तर नाणीच लागतात, नोट घेत नाहीत, म्हणून लीप कार्ड आधीच घेऊन ठेवावे. खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीचा चालक स्टिअरिंगवरची तर्जनी किंचित उचलतो. ती ओळखीची खूण नाही, रामराम आहे. आपणही बोट उचलावे. चालत असाल तर मान हलवावी.

पुढचा प्रश्न बहुधा काउंटीचा येतो. आपण 'गाव कुठले?' विचारतो तसा तो असतो. या निष्ठेचे मोठे रूप गेलिक, म्हणजे तिथल्या देशी, खेळांमध्ये दिसते: १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल खेळणारे खेळाडू आजही मानधन घेत नाहीत आणि तरी डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजारांहून अधिक लोक अंतिम सामन्याला जमतात. कोणत्या काउंटीचा झेंडा अंगणात लागला आहे, हे पाहून घ्यावे आणि मगच मत द्यावे. ब्रिटनचा भाग समजून कोणत्याही आयरिश माणसाशी बोलू नये, आणि बटाट्यावरून विनोद तर करूच नये. १८४५ ते १८५२ या काळातल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशोधडीला लागली आणि बेटाची लोकसंख्या १८४१ च्या ८२ लाखांच्या आकड्यापर्यंत अजूनही परत पोचलेली नाही. बोलायला आपल्याकडे दुसरे विषय आहेत. दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, हे सांगितले की बोलणे सुरू होते. आणि आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वे १९३७ च्या आयरिश घटनेवरून घेतलेली आहेत, हे ऐकून क्लेअरमधला एक निवृत्त शिक्षक मला जवळजवळ तासभर सोडेना.

घरी बोलावले तर

रिकाम्या हाताने जाणाऱ्याबद्दल तिथे 'एक हात दुसऱ्या हाताइतकाच लांब घेऊन आला' असे म्हणतात, म्हणजे कोणत्याच हाताला पिशवीचे ओझे नव्हते. बिस्किटांचा डबा, केक, फुले, वाइन, काहीही चालते. यजमान 'अहो, हे कशाला आणलेत?' असे म्हणणारच. त्यावर स्पष्टीकरण देत बसू नये. जेवणाच्या वेळेची मात्र खात्री करून घ्यावी, कारण ग्रामीण भागातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात 'डिनर' दुपारचे असते आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचे जेवण असू शकते. मला 'टी'ला बोलावले होते आणि मी चहाच समजून पोटभर जेवून गेले. समोर भाजलेला मासा, कोबी आणि एकाच ताटात दोन तऱ्हांचे बटाटे आले.

पाहुण्याची जागा दिवाणखान्यात नसून स्वयंपाकघरात असते. तिथे बसवले तर तो मान समजावा. बूट काढण्याची सक्ती सहसा नसते, विचारलेले बरे.

आता चहा. चहा पिण्यात हा देश जगात अगदी वरच्या क्रमांकांवर आहे. घरे बॅरीज आणि लायन्स या चहाच्या दोन छापांवरून दोन पक्षांत विभागलेली आहेत आणि कॉर्कमध्ये १९०१ साली सुरू झालेल्या बॅरीजचे घर लायन्सला नावे ठेवल्याशिवाय राहत नाही. तो आपल्यासारखा उकळत नाहीत; कडक चहाच्या पिशवीवर कढत पाणी आणि वर थंड दूध. महत्त्वाचे आहे ते विचारण्याचे आणि नाकारण्याचे वळण. पहिल्यांदा विचारले, की 'नको, त्रास घेऊ नका' म्हणावे. दुसऱ्यांदा 'अगदी अर्धा कप' असे येते. तेव्हा 'तुम्ही घेणार असाल तर' असे म्हणावे. तोवर किटली चालू झालेलीच असते. पहिल्याच विचारण्याला झटकन 'हो' म्हटले तर कोणी रागावत नाही, पण ठाम, कोरडा नकार दिला तर यजमानीणबाईंना आपले काही चुकले असे वाटते. डब्लिनमधल्या कचेऱ्यांत आणि तरुण मुलांत हे वळण विरत चालले आहे, तिथे पहिले उत्तरच खरे धरतात.

आपली खरी चूक होते ती उलट बाजूने. मुलीच्या खोलीवर गरम पाण्याची टाकी दुरुस्त करायला एक वयस्क कारागीर आला होता. मी चहा विचारला, तो 'नो, आय ॲम ग्रँड' म्हणाला आणि मी, परदेशात माणसे स्पष्ट बोलतात या समजुतीने, गप्प बसले. दोन तास काम करून तो तसाच गेला. ही हकीकत क्लेअरला सांगितली तेव्हा यजमानीणबाईंनी कपाळाला हात लावला: कामाला आलेल्या माणसाला निदान तीनदा विचारायचे असते आणि चहाबरोबर काहीतरी खायला ठेवायचे असते. आमच्या आजीने हेच सांगितले असते. देश बदलला म्हणून मी घरचे शहाणपण विमानतळावर ठेवून आले होते, एवढेच.

या चालीला जुना आधार आहे. इंग्रजी कायदा येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये ब्रेहन कायदा चालत असे. पाहुण्याला दारातून परतवणे हा त्यात दंडास पात्र अपराध होता आणि येणाऱ्या कोणालाही जेवू घालणे हेच ज्याच्या प्रतिष्ठेचे साधन, असा 'ब्रियुगू' नावाचा श्रीमंत यजमानांचा एक वर्गच होता.

शाकाहारी माणसाने आधी सांगावे आणि नेमके सांगावे. सकाळच्या भरगच्च आयरिश न्याहारीत डुकराच्या मांसाचे काप आणि सॉसेज असतातच, शिवाय ब्लॅक पुडिंग नावाची काळपट चकती डुकराच्या रक्ताची असते. व्हाइट पुडिंगमध्ये रक्त नसले तरी मांस असते. कॅफेतल्या 'टोस्टेड स्पेशल'मध्येही हॅम असते, नावावरून ते कळत नाही. भाज्यांच्या सूपचे पाणी कोंबडीचे आहे का, ते विचारावे. खुशाल खावा असा पदार्थ म्हणजे तपकिरी सोडा ब्रेड: त्यात यीस्ट नसते, ताक आणि खाण्याचा सोडा यांवर तो फुगतो, आणि खारट लोण्याबरोबर कोमट खाल्ला तर भाकरीची आठवण कमी होते. मी तिथे एकदा आले-वेलची घालून उकळलेला चहा केला. सगळ्यांनी 'लव्हली' म्हटले आणि अर्धाअर्धा कप ठेवला.

घरात राहणार असाल तर 'इमर्शन' हा शब्द शिकून ठेवा. पाणी तापवण्याचे ते विजेचे यंत्र अंघोळीनंतर बंद करायला विसरणे हा घरातल्या घरात मोठा गुन्हा समजला जातो. कपाटाला 'प्रेस' म्हणतात. रिकाम्या बाटल्या आणि डबे चेपून कचऱ्यात टाकू नयेत. फेब्रुवारी २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांवर आणि डब्यांवर आकारानुसार १५ किंवा २५ सेंट अनामत घेतली जाते आणि त्या न चेपता दुकानातल्या यंत्रात दिल्या की ती परत मिळते.

कौतुक कसे घ्यावे, हेही सांगितले पाहिजे. एका रविवारी मी पैठणी नेसले होते. कोणी सुंदर म्हटले, तेव्हा मी ती येवल्याहून कशी आणली, विणायला किती महिने लागले आणि किंमत काय पडली हे सगळे सांगितले. ऐकणाऱ्या बायका एकदम शांत झाल्या. स्वतःबद्दल मोठे बोलणाऱ्याला तिथे 'नोशन्स' असल्याचे म्हणतात आणि हा शेरा मायेचा नसतो. त्यांची स्वतःची रीत अशी, की नव्या कोटाचे कौतुक झाले तर पेनीज या स्वस्त कपड्यांच्या दुकानाचे नाव घेऊन आणि किंमत कमी होती म्हणून सांगून मोकळे व्हावे. 'अहो, जुनीच आहे' एवढे म्हटले असते तरी माझे भागले असते. याउलट कोणी तुमची थट्टा करू लागला तर खुशाल समजावे, की तुम्ही घरचे झालात.

पबमध्ये

मद्य न पिणाऱ्यानेही पबमध्ये जावे, कारण गावाची चावडी तीच आहे. पेय न्यायला टेबलापाशी कोणी येत नाही. गल्ल्यावर जाऊन मागावे लागते आणि तिथे टिप ठेवण्याची पद्धत नाही. पालकांबरोबर लहान मुले रात्री नऊपर्यंत, मे ते सप्टेंबर या काळात दहापर्यंत बसू शकतात. आत धूम्रपान चालत नाही. कामाच्या सर्व बंदिस्त जागांमध्ये ते बंद करणारा हा पहिला देश, २००४ साली. गिनेस ही काळी बिअर मागवली तर ग्लास पाऊण भरून बाजूला ठेवला जातो आणि फेस बसल्यावर पुरा करतात, तोवर हात पुढे करू नये. डब्लिनच्या ज्या जागेत ती बनते ती जागा आर्थर गिनेसने १७५९ साली वर्षाला ४५ पौंड भाड्याने नऊ हजार वर्षांसाठी घेतली होती, त्यामुळे घाई कोणालाच नाही.

नियम एकच आणि तो कोणी उघड सांगत नाही: पाळी. चौघे बसले असतील तर एक जण चौघांचे आणतो, मग दुसरा, मग तिसरा. आपली पाळी येण्याआधी उठून जाणारा माणूस कितीही सज्जन असला तरी त्याचे ते वागणे वर्षानुवर्षे लक्षात राहते. हिशेब काढून पैसे टेबलावर ठेवणे तर त्याहून वाईट. म्हणून बसतानाच ठरवावे. एकच पेय घेऊन निघायचे असेल किंवा मद्य घ्यायचे नसेल तर 'मी माझे माझे घेते' असे सुरुवातीलाच सांगावे. किंवा पाळीत राहून स्वतःसाठी 'मिनरल' मागावे, म्हणजे लिंबू-संत्र्याचे बाटलीतले पेय. मी दुसरा मार्ग धरला. पाळी आल्यावर समोरच्यांचे ग्लास संपण्याच्या थोडे आधी उठावे, ते 'बसा हो, बसा' म्हणतील, तरी जावे.

डूलिन किंवा एनिससारख्या ठिकाणी कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन माणसे जमतात. तो कार्यक्रम नसतो, त्यांची आपसातली बैठक असते. त्यांच्या राखलेल्या खुर्च्यांवर बसू नये आणि फर्माईश करू नये. वाद्ये चालू असताना हळू बोललेले चालते, पण कोणी एकट्याने, साथीशिवाय गायला लागले की ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवावा.

मयतीला

हे प्रकरण पर्यटकाच्या वाट्याला येत नाही, पण महिनाभर राहणाऱ्याच्या येते. शेजारचे एक आजोबा गेले आणि यजमानीणबाईंनी मला गृहीत धरूनच कोट घालायला सांगितला. मृतदेह घरीच, उघड्या शवपेटीत ठेवलेला असतो आणि ओळखीचा, अर्ध्या ओळखीचा, मुलाच्या कचेरीतला, असा प्रत्येक जण येऊन जातो. निधनाच्या सूचना एका संकेतस्थळावर पाहायची लोकांना रोजची सवय असते. सूचनेत घर खासगी असल्याचे म्हटले असेल तर घरी जाऊ नये, नसेल तर जावे. रांगेत उभे राहून घरच्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचे आणि 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढेच म्हणायचे. शब्द ठरलेले असल्यामुळे आपल्याला काही सुचावे लागत नाही, आणि त्यांनाही उत्तर शोधावे लागत नाही. शवपेटीजवळ क्षणभर थांबून हात जोडले तरी चालते.

मला अवघड गेले ते पुढचे. आपल्याकडे त्या घरात चूल पेटत नाही. तिथे शेजाऱ्यांनी आणलेल्या सँडविचचे ढीग, केक आणि अखंड चहा शेजारच्याच खोलीत चालू असतो आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगून लोक मोठ्याने हसतात. हातात कप दिला तर घ्यावा. सुतकाचा विचार मनात आला तरी नकार देऊ नये. हा चहा तीनदा विचारला जात नाही, सरळ हातात येतो. पुढे महिन्याने त्या माणसासाठी चर्चमध्ये प्रार्थना होते, तिला 'मंथ्स माइंड' म्हणतात. मासिक श्राद्धाचे मी सांगितले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही.

निघताना

निघायचे असेल त्याच्या अर्धा तास आधी उठावे. खुर्चीवरून उठणे ही नुसती सूचना असते. त्यानंतर दारापाशी एक बोलणे, अंगणात दुसरे आणि गाडीची काच खाली करून तिसरे. दूरध्वनीवरही 'बाय' एकदा म्हणून चालत नाही, 'बाय-बाय-बाय-बाय' असा तो हळूहळू विरत जातो आणि मध्येच ठेवला तर तुटक वाटते. 'जाते' न म्हणता 'येते' म्हणणाऱ्यांना हे जड जाऊ नये. घरी पोचल्यावर दोन ओळींचे आभाराचे कार्ड टपालाने पाठवावे, एअरकोड घालून. माझे त्यांच्या स्वयंपाकघरात ताटांच्या फळीवर टेकवून ठेवले आहे, असे मुलगी कळवते.